मॉनिटरचा जोड

दुर्गाघाटाच्या गल्लीतला तो रिपेअरवाला काम करताना बोलत नसे. काम झालं की एकच वाक्य: “आपलं जोडकाम कधी चुकत नाही, भैया.” त्या तोऱ्याचा मला राग यायचा.

वडिलांची, अण्णांची, नजर अधू होत चालली होती. त्यांची पोथी मी नव्या लॅपटॉपवर टाइप केली आणि मोठा मॉनिटर जोडायला त्याला बोलावलं. पोथी दिसणार म्हणून त्याने आधी हात धुतले. पिना जुळेनात, तर मधला जोड स्वतः सोल्डर करून बनवला. पडद्यावर वीतभर उंच, लख्ख अक्षरं उमटली.

पडद्यासमोरच बसलेल्या अण्णांनी विचारलं, “लागला का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मॉनिटर बंद केला.

“नाही, अण्णा. माझंच जोडकाम चुकलं.”