सायबीण आमच्या दारावरून पुढे गेली

आज सकाळी मालवणजवळच्या आमच्या वाडीत, चर्चमध्ये, सायबीण कुणाकुणाच्या घरी जाणार याची यादी सगळे मिळून करत होतो. सायबीण म्हणजे मारियामायची मूर्ती. ती रोज एका घरी मुक्कामाला जाते आणि सगळी वाडी तिथे प्रार्थनेला जमते.

एक जण म्हणाला, "रोझीचा घर वगळूया. परवाच ती जिवाचा बरावायट करूक गेली हुती. उगीच तिका त्रास कित्याक?"

मी ओरडलेच, तिचं नाव वगळू दिलं नाही.

बासष्ट साली माझी आईही अशीच वाचली होती. मी दहा वर्षांची. तेव्हाही लोकांनी चांगल्या मनानेच आमचं घर वगळलं, फक्त आईला सांगितलं नाही. तिने अंगण सारवलं, अबोलीचा हार केला, मेणबत्ती घेऊन दारात उभी राहिली. लोक मूर्ती घेऊन, गात गात, समोरून पुढच्या घरी गेले.

"देवाकय मी नको झालंय गो," एवढंच ती बोलली.

पुढच्या वेळी सायबीण आली, तेव्हा आई जगात नव्हती.

आता रोझीच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. आतून ती म्हणते, "मावशे, घराक जा गो." मी जात नाही. पण मी एकटी म्हातारी किती पुरणार?

वाडीतलं कुणी वाचत असेल तर आत्ता या. का मूर्ती येईपर्यंत थांबणार आहात?