नाव नसलेलं वाक्य

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या नरेंद्र आगट्यांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणं. त्यातून ते रिटायर झाले. दुसरं, वाचणं. त्यातून त्यांना ब्रह्मदेवही रिटायर करू शकणार नाही! कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, डेंटिस्टकडची जुनी मासिकं, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा, काही म्हणून वर्ज्य नाही. एखादं वाक्य आवडलं की ते मोठ्याने दोनदा वाचायचं, मान डोलवायची आणि वहीत उतरवायचं. अशा एकतीस वह्या झाल्या.

खोड एकच वाईट. खाली लेखकाचं नाव लिहायचं नाही. "आंबा गोड लागला ना? मग झाड कुणाच्या परसातलं, हे कशाला विचारायचं?" असं त्यांचं म्हणणं.

यंदा तिथल्या मराठी मंडळाच्या गणपती स्मरणिकेचं काम मंडळातल्या चारुताकडे आलं. तिचा फोन आला, "काका, तुमच्या वह्यांमधून दोन पानं द्या ना प्लीज. फक्त प्रत्येक वाक्याखाली लेखकाचं नाव हवं हं, नाहीतर छापता येणार नाही. रविवारपर्यंत जमेल?"

"हो, हो, त्यात काय!" काका बोलून बसले. झाली का पंचाईत! सगळं मंडळ ज्यांना चालतंबोलतं ग्रंथालय म्हणतं, त्यांनी "मला नावंच ठाऊक नाहीत" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

डोकं खाजवून दहा-बारा नावं आठवली. पण सगळ्यात वर घालायचं ठरवलेलं वाक्यच अडलं: "पुरुष परदेशात एकदाच येतो, त्याची बायको रोज येते."

कुणाचं बरं हे? मुळातलं मराठी, की भाषांतर? बाईचं, की बाप्याचं? तळघरातली सगळी खोकी उपसून झाली. मुलगी नैना फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट गूगल इट." गूगलने व्हिसाच्या वकिलांच्या जाहिराती दाखवल्या. मध्येच काकांना वाटलं, हे आपलंच तर नसेल? क्षणभर छाती फुगली. मग त्यांनीच स्वतःला झापलं: छे, एवढं सुचत असतं तर जन्मभर ब्रेक कशाला करत बसलो असतो!

शनिवारी सकाळी ते वही घेऊन स्वयंपाकघरात आले. रेखाकाकू दुधी चिरत होत्या.

"अगं, हे मी कुठे वाचलं असेल?" म्हणत त्यांनी सवयीप्रमाणे वाक्य दोनदा वाचलं.

काकूंची सुरी थांबली. "वाचलं नाहीत. मी म्हणाले होते."

"तू? चेष्टा करू नकोस हं, आधीच माझं डोकं फिरलंय."

"चेष्टा कसली? नैना दीड वर्षाची होती. मी इथेच, ओट्यापाशी रडत होते. रडता रडता हे बोलले. तुम्ही 'वा!' म्हणालात आणि वही आणायला उठलात."

काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात, तो हाच. पण हसावं की ओशाळावं, काकांना काही कळेना. त्यांना वाक्य आठवत होतं. निळी शाई आठवत होती. मधला स्वल्पविराम आपण किती विचार करून टाकला, तेही आठवत होतं. बायकोचं रडणं मात्र काही केल्या आठवेना.

"मग... मग तुझं नाव घालतो," ते चाचरत म्हणाले. "रेखा आगटे. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत. चालेल?"

"मला नाव नकोय हो." काकूंनी दुधीची फोड उचलली, परत खाली ठेवली. "माझं बोलणं तुम्ही जपून ठेवलंत. मला मात्र तिथेच ठेवून गेलात."

काय बोलली ही! काकांचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला.

काकूंनी ते पाहिलं. काकांनीही, त्या बघताहेत हे पाहिलं. लाजेने त्यांचे कान तापले. वही मिटून त्यांनी खुर्ची ओढली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "का रडत होतीस गं तेव्हा?"