मिठाच्या पाण्यातल्या गोगलगायी

चंद्रपुरात राहून घरात समुद्र पाळणारा माणूस बिनडोक असतो, हे बायकोने मला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहुण्यांना मीच माझी तशी ओळख करून देतो. मे महिन्यात इथे नळाचं पाणी हाताला चटके देतं आणि आमच्या हॉलमधल्या टाकीला पाणी थंड ठेवायचं वेगळं यंत्र! बायको घरघरत्या कूलरसमोर, मासे गारव्यात.

पण त्या टाकीत माझा जीव होता. दोन वर्षांपूर्वी एका दगडावर हिरव्या प्रवाळाची फक्त दोन फुलं आणली होती, शर्टाच्या बटणाएवढी. वाढत वाढत त्यांचा तळहाताएवढा गालिचा झाला. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी मी गालिचा बघायचो.

मागच्या दिवाळीनंतर मुंबईहून एक नवा दगड पार्सलने मागवला आणि त्यावर बसून न मागता गोगलगायी आल्या. वाटाण्याएवढ्या, मातकट, चांगल्या पंधरा-वीस. एक मात्र देखणी होती. चपटी, गोल गुंडाळलेली, पांढऱ्या-तपकिरी चौकटींची. तिचे मी इतके फोटो काढले की बायको म्हणाली, "लग्नात माझेसुद्धा एवढे निघाले नव्हते."

आठवड्याभरात गालिचा झिजायला लागला. रोज सकाळी दोन-तीन फुलं मिटलेली, दुसऱ्या दिवशी गायब. माझी तर झोपच उडाली. समुद्री टाक्या पाळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे सगळ्या गोगलगायींचे फोटो टाकले आणि विचारलं, यातली चोर कोण? एकाने लिहिलं, सगळ्या निरुपद्रवी. दुसऱ्याने लिहिलं, सगळ्या ताबडतोब काढा. तिसऱ्याने मी फोन कोणता वापरतो ते विचारलं आणि चौथ्याने सुप्रभात केलं. शेवटी निकाल मीच लावला. मातकट, आगंतुक आणि संख्येने जास्त, मग दुसरं कोण असणार?

नेमक्या त्याच वेळी सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आल्या. सिंदेवाहीकडच्या खेड्यातल्या, उभा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. डॉक्टरांनी वाकायला आणि टीव्ही बघायला मनाई केली, तेव्हा काळा चष्मा लावून त्या दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका जावयाशी थेट बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काय ते लेकीमार्फत. मी दोन हातांवर बसलेलो असलो तरी लेकीला सांगायच्या, "जवायाले च्या पायजे का, इचार वं." मला ते सोयीचंच होतं.

एका संध्याकाळी टाकीचं पाणी बदलायचं म्हणून मी बादलीत मीठ कालवत होतो. शेजारी वाडग्यात, टाकीच्याच पाण्यात, चिमट्याने वेचून काढलेल्या मातकट गोगलगायी होत्या. सकाळी त्या फेकायच्या होत्या. सासूबाई सगळी रीत विसरून ओरडल्या, "अजी जवाईबापू, मीठ काऊन टाकून राह्यले? मिठानं मरतेत ना त्या!"

त्यांच्या गावी परसात गोगलगाय दिसली की वर मिठाची चिमूट टाकतात, की संपली ती. मी हसलो, "काही होत नाही हो," म्हणालो आणि दूध आणायला दुकानात निघून गेलो.

परत येऊन बघतो तर वाडगं रिकामं! सगळ्या गोगलगायी घमेल्यात, बोअरच्या गोड्या पाण्यात आणि वर पालकाची दोन पानं. एकही हलत नव्हती.

"समुद्राच्या आहेत त्या! गोड्या पाण्याने मेल्या की सगळ्या! विचारायचं तरी!" माझा पारा चढला.

"मले वाटलं, जीव वाचवला," सासूबाई हळूच लेकीला म्हणाल्या.

"आणि तुम्ही तरी सकाळी फेकणारच होतात ना?" बायको मला म्हणाली.

तसा मी आणखी मोठ्याने बोललो. सासूबाईंनी पदर पार चष्म्यापर्यंत ओढला आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. मला लाज वाटली. पण चोर गेले याचं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या चार दिवसांत टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ चढलं आणि गालिचा झिजायचा तो झिजतच राहिला. अकरा फुलं उरली तेव्हा मी टाकीसमोर मटकन खाली बसलो. दोन वर्षं हो, दोन वर्षं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मागून सासूबाईंचा आवाज आला, अर्थात लेकीला. "जवायाले सांग वं, थे चितकबरी आहे ना, थेच खाते फुलं. रोज पाहाटे पाह्यतो मी. नळीवानी तोंड काढते अन् फुलात खुपसते. त्या मातकट बिचाऱ्या तं काचेवरचं शेवाळ खाऊन राह्यल्या होत्या."

मी टाकीत हात घालून दगड उचलला. उरलेल्या फुलांच्या मधोमध, देठांना बिलगून, माझी देखणी बसली होती. चिमट्याने तिला उपटून काढलं आणि मी वळलो.

"अहो, मग आधी का नाही सांगितलं?" आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ त्यांनाच विचारलं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक तोवर स्वयंपाकघरात गेली होती. मग त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी फोनले इचारून राह्यले होते, बापू. मले कुठी इचारलं?"