अण्णांची कोरडी झिंग

दारूच्या थेंबालाही न शिवता बोटवाले अण्णा जितके सुंदर झिंगत, तितकं अट्टल दारुड्यालाही जमणार नाही. जीभ जड, मान कलती, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. आणि डोक्यात मात्र हिशेब चालू: दुर्री ते छक्की यांतलं पान पडलं की एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. आकडा चढला म्हणजे गड्डीत मोठी पानं उरली. मग डाव जोरात लावायचा.

ब्लॅकजॅक म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायचा पत्त्यांचा खेळ; त्याचं हे गणित अण्णा परदेशी प्रवासी जहाजावर शिकले. तिथल्या कॅसिनोत ते वर्षानुवर्षं ट्रे फिरवत. कोणाला हाकलतात, तेही त्यांनी तिथेच पाहिलं. "पानं मोजल्याने कोणी पकडला जात नाय रे," ते म्हणत, "शहाणा दिसल्याने जातो."

म्हणून तर ते माझ्याकडे आले. नाट्यस्पर्धांमधले रत्नागिरीचे यच्चयावत दारुडे मीच रंगवलेले! "मला येडा करून दे," म्हणाले. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, हृदयाची झडप बदलायची होती. आंब्याची बाग विकूनही पैसे पुरत नव्हते आणि पावसाळ्यापलीकडे थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रत्नागिरीतच, मांडवीच्या जेटीवर मी त्यांना झोकांड्या शिकवल्या. फिरायला आलेली कुटुंबं पोरं कडेवर घेऊन पळत. मी टाळ्या वाजवत असे.

मग गोव्याच्या, तिथल्या नदीतल्या कॅसिनो-बोटींच्या वाऱ्या सुरू झाल्या. आकडा चढला की अण्णा नाक पुसत. लगेच मी, त्यांचा नाटकातला पुतण्या, गयावया करायचो, "काका, पुरे! काकीला काय सांगू?" "चूप मेल्या!" म्हणत अण्णा रागारागाने चिप्सचा, म्हणजे पैशांच्या जागी मिळणाऱ्या चकत्यांचा, ढीग पुढे ढकलत. पानं वाटणाऱ्या डीलरला आमची दया यायची. काय रंगायचा तो प्रवेश!

घात केला तो सुरमईने. एकदा वेटरने टेबलावरच तळलेली तुकडी आणून ठेवली. अण्णांनी ती नुसती हुंगली आणि ताठ बसले. "ही बर्फातली आहे. किमान तीन दिवसांची. आणि वर रवा लावून लपवताय?" स्वच्छ, खणखणीत आवाज! मी टेबलाखाली त्यांचा पाय तुडवत होतो, पण शिळ्या माशापुढे रत्नागिरीकर गप्प बसतो होय? मागे उभ्या मॅनेजरने अण्णांकडे नीट पाहिलं आणि अदबीने सांगितलं, "साहेब, जेवा, राहा, दुसरं काहीही खेळा. ब्लॅकजॅक मात्र नको." पुढच्या बोटीवर तर बातमी आधीच पोचली होती; त्यांना दारातूनच परत पाठवलं.

मग अण्णा मलाच शिकवायला बसले, वहिनींच्या खाटेशेजारी. पण मला बोलता बोलता मोजता येईना. "जीभ काढून ठेव रे ती!" ते ओरडले आणि पानं भिरकावून रडायला लागले.

"अधिक पाच," खाटेवरून आवाज आला. "इतके महिने तुमची मोजणी ऐकतेय. मी जाते."

"दोन पायऱ्या चढलीस की धापतेस गो."

"झडप माझी आहे ना?"

अण्णा पणजीच्या जेटीवर थांबले. बोटीवर शालू नेसलेल्या, कंटाळलेल्या बाईकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मोजता मोजता वहिनींचे ओठ काळेनिळे पडत चालले. मी "काकी, पुरे!" म्हणालो, तेव्हा ते नाटक नव्हतं. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं. वीस आले. डीलरने आपली पानं उलटली. एकवीस.

तो पावसाळा वहिनींनी पाहिला नाही. पण अण्णा म्हटलं की मला ते त्या रात्री पणजीच्या जेटीवरचेच दिसतात. आमचे चेहरे पाहूनच त्यांना सगळं कळलं होतं.

"आकडा काय होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"अधिक नऊ," वहिनी म्हणाल्या.

"मग बरोबर लावलंस तू," अण्णा म्हणाले. त्यांनी वहिनींचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्यांच्या श्वासाच्या चालीने, थांबत थांबत, त्यांना गाडीपर्यंत नेलं.