मार्जिनमधलं बाथरूम

टेपचं दुसरं टोक विमलताईंनीच धरलं होतं.

"चार बाय सात," त्या म्हणाल्या. "लिहा साहेब."

"मोजलं. पण किमतीत धरता येणार नाही."

मी व्हॅल्युअर आहे. घरासाठी कर्ज देण्याआधी बँक माझ्यासारख्याला पाठवते. घर मोजायचं, मंजूर नकाशाशी ताडून बघायचं आणि आजच्या बाजारात त्याची किंमत काय, ते लिहून द्यायचं. विमलताईंचं मुकुंदवाडीतलं हे घर जाधव नावाचे एक शिक्षक विकत घेत होते. सगळा व्यवहार कर्जावर, आणि कर्ज माझ्या रिपोर्टवर.

घर मजबूत होतं. दोन बेडरूम, हॉल, किचन, एक स्टोअर रूम. संडास-बाथरूम मात्र मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. विमलताई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. त्यांच्या यजमानांना, मधुकररावांना, अर्धांगवायू झाला आणि डावी बाजू गेली. त्या पायऱ्यांवर ते दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले त्याच आठवड्यात ताईंनी गवंडी बोलावला, बेडरूमच्या भिंतीत दार पाडलं आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत कमोडचं बाथरूम उभं केलं.

अडचण त्या मोकळ्या जागेची होती. तिला मार्जिन म्हणतात. घर आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये हवा-उजेडासाठी नियमानं सोडलेली पट्टी. तिथं बांधलेलं काहीही बेकायदा. त्याची किंमत शून्य. उलट ते रिपोर्टमध्ये दिसलं की बँक कर्जच अडवते.

व्यवहार जुळवणारे सलीमभाई मला दारात घेऊन गेले. "साहेब, पूरे गल्ली में येइच हाल है. लिख डालो, क्या होता?"

"उद्या माझ्यावर येतं," मी म्हणालो.

संध्याकाळी बँकेच्या मॅनेजरचा फोन आला. "काहीतरी अॅडजस्ट करा ना. पार्टी चांगली आहे."

"पार्टी चांगलीच आहे. बाथरूम चुकीच्या जागी आहे."

मी रिपोर्ट दिला. मार्जिनमधलं बांधकाम काढल्याशिवाय कर्ज देऊ नये, असं स्पष्ट लिहिलं.

दोन दिवसांनी विमलताई रिक्षा करून माझ्या ऑफिसात आल्या. चिडलेल्या नव्हत्या. नकाशाची घडी सोबत आणली होती.

"पोरगी नांदेडला आहे," त्या म्हणाल्या. "यांना उचलायला आता मला एकटीला होत नाय. तिच्या शेजारी घर बघितलंय. हे विकल्याशिवाय ते होणार नाय. काय करू, ते सांगा."

असा सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही. तरी सोपा मार्ग सांगितला. "पाडून टाका. भिंतीतलं दार बुजवा. मी पुन्हा बघून जातो. अंगणातलं बाथरूम आहेच की."

"रजिस्ट्री व्हायला किती दिवस?"

"महिना-दीड महिना."

"तेवढे दिवस यांनी पायऱ्या उतरायच्या?"

घर मी दोनदा फिरून मोजलं होतं. त्या पायऱ्यांची उंचीही लिहिली होती. पण त्या उतरणारा माणूस माझ्या कागदावर कुठंच नव्हता.

ताईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि स्टोअर रूमवर बोट ठेवलं. "ही बेडरूमला लागून आहे. इथं केलं तर?"

मी बघितलं. स्टोअर रूम मंजूर बांधकामाच्या आत होती. बाहेरची भिंत हलणार नव्हती, मार्जिनला धक्का नव्हता. मागच्या चेंबरपर्यंत उतार मिळत होता. चेंबर म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांचं जमिनीतलं जोड-खोकं.

"होतं," मी म्हणालो. "पण ताई, खर्च निघणार नाही. विकायच्या घरात कशाला घालता?"

"खर्च निघावा म्हणून कोण करतंय साहेब? नव्यात यांना एकदा बसवून बघते, मगच जुनं पाडते. यांचं एक दिवसही अडता कामा नये."

जाधव सरांकडून त्यांनी एक महिना मागून घेतला. महापालिकेत नकाशातल्या बदलाचा अर्ज इंजिनियरमार्फत दिला आणि मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत स्वतः तिथं चकरा मारल्या. गवंड्यानं दाराशी उंबरा धरला, तो त्यांनी काढायला लावला. वॉकरचं चाक अडकलं असतं. हाताला धरायचा दांडा गवंडी त्याच्या अंदाजानं लावत होता. ताईंनी मधुकररावांना खुर्चीवर बसवलं, त्यांचा उजवा हात भिंतीवर जिथं पोचला तिथं खूण केली. "इथं ठोका," म्हणाल्या.

महिना भरायच्या आत मी पुन्हा गेलो. जुनं पाडलेलं, मार्जिन मोकळं, फरशी साफ. मी मोजमाप घेत होतो तेवढ्यात जाधव सर त्यांच्या आईला घेऊन आले. गुडघेदुखीनं टेकीस आलेली बाई. घर त्यांनी आधी बघितलेलं नव्हतं. हॉल, किचन काही न बघता त्या थेट नव्या बाथरूममध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर उभे. जरा वेळानं त्या दांडा धरून उठल्या असाव्यात. कुणाला हाक न मारता बाहेर आल्या.

"घे रे हे घर," त्या मुलाला म्हणाल्या.

जाधव सर तोवर भाव कमी करा म्हणत होते. त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये त्या बाथरूमनं किंमत थोडीच वाढली. ताईंनी घातलेल्या पैशांपेक्षा कमी. मी तेच लिहिलं, कारण तेच खरं होतं. कर्ज मंजूर झालं, रजिस्ट्री झाली आणि ताई मधुकररावांना घेऊन नांदेडला गेल्या.

बाथरूम वाढवलं तर घराची किंमत वाढते का, असं लोक मला नेहमी विचारतात. नकाशात बसत असेल तर थोडी वाढते, मी सांगतो. मार्जिनमध्ये बांधलं तर आहे तीही अडकते. आणि बांधायचंच असेल तर घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या सोयीनं बांधा. गिऱ्हाईकाच्या घरातही असं एक माणूस असतंच.