मिस्तरींचा चांदीचा करदोडा

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हंगामात आमच्या साखर कारखान्यात बॅटरीवर चालणारी एक जड गाडी आली. गोदामात पोती ओढायला. तिची निगा कशी राखायची ते मी मुंबईला जाऊन शिकून आलो होतो, म्हणून फिटर लोकांना शिकवायचं काम माझ्यावर पडलं. ते सगळे माझ्याहून मोठे आणि डिझेलवर वाढलेले. धूर नाही, आवाज नाही, अशा गाडीला ते गाडी मानायलाच तयार नव्हते.

"ही गप्प आहे म्हणजे बंद आहे असं समजू नका," मी सांगितलं.

"म्हशीगत," हेडफिटर मिस्तरी म्हणाले. "गप उभी ऱ्हाती अन् लाथ घालती."

मग मी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. घड्याळं निघाली, अंगठ्या निघाल्या. मिस्तरी मात्र हलेनात. त्यांच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, आणि बॅटरीवर वाकलं की तो सदऱ्याखालून बाहेर यायचा.

"त्यो निघायचा न्हाई, भाऊ. बाप गेल्याव करदोडा काडत्यात. माजा बाप पुनतांब्यात ऊस बांदतोय."

यावर मुंबईत काही शिकवलेलं नव्हतं. वर्ग तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी वडिलांनाच, आबांना, घेऊन आले. ताठ म्हातारा, कानात बाळी, हातात काठी. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "माज्या जित्या असन्यानं कुनाचं काय अडलंय?"

मी एक जुनी बॅटरी उघड्यावर ठेवली, सगळ्यांना लांब उभं केलं, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि रबरी मुठीच्या पकडीत धरलेली तार बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवली. तार लालबुंद झाली आणि तुटून पडली.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "सदरा वर कर."

पन्नाशीचे मिस्तरी सगळ्या खात्यासमोर शाळकरी पोरासारखे सदरा धरून उभे राहिले. आबांनी स्वतःच्या हातानं करदोडा सोडला आणि काळा दोरा बांधला. "मी हाय अजून, ध्येनात ठेव," असंही बजावलं. मग आपली बाळीही काढून खिशात टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. काम चालू असताना गाडीची चावी कुणाच्या तरी खिशात हवी आणि काम संपल्याचं सांगितल्याशिवाय त्यानं ती कुणालाही द्यायची नाही, असं मी समजावलं. मिस्तरींचे हात गुंतलेले होते. ते म्हणाले, "आबा, तुमी धरा."

दुपारी काम आटोपलं, गाडी जोडून झाली, आणि तेव्हा कळलं की आबा एस.टी.नं घरी गेलेत. चावीसकट.

गोदामातले कारकून माझ्या नावानं ओरडू लागले. मी आणि मिस्तरी सायकली घेऊन पुणतांब्याला निघालो. वाटेत मला घाम उन्हानं येत होता की साहेबांच्या धाकानं, ते सांगता येत नव्हतं.

आबा उसाच्या सरीत होते.

"आबा, चावी," मिस्तरी म्हणाले.

"काम झालं?"

"कवाच झालं."

"मला कुनी सांगितलं न्हाई," आबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पोरा, तूच म्हनला हुतास ना?"

मी म्हटलं, "व्हय आबा, मीच."

मग त्यांनी चावी काढली, पण दिली नाही. आधी घरी नेऊन आम्हांला पिठलं-भाकरी खायला घातली. मिस्तरी मान खाली घालून जेवत होते आणि मला हसू दाबता येत नव्हतं. अंधार पडायच्या आत आम्ही कारखान्यात पोचलो. तोवर हमालांनी सगळी पोती पाठीवरून लावून टाकली होती.