सहज केलेला फोन

आमच्या फिल्म क्लबने रविवारी दुपारी एक परदेशी सिनेमा दाखवला. शेजारचे वसंतराव माझ्याबरोबर आले होते. मुलाने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ते लग्नाला गेले नाहीत आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणंच थांबलं, हे आमच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे.

पडद्यावर बर्फातलं एक घर होतं. कित्येक वर्षांनी आलेला मुलगा टेबलाशी बसलेला, आणि म्हातारा बाप त्याच्याकडे पाठ करून एकच स्वच्छ बशी पुन्हा पुन्हा विसळतोय. अंधारात वसंतराव मोठ्यांदा म्हणाले, "अहो, वळा की!"

लोक हसले. मला हसू आलं नाही. असल्या सिनेमाला भाषा लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अबोला जगात कुठेही सारखाच दिसतो, आणि ज्याने तो धरलाय त्याला तो नुसत्या पाठीवरूनही ओळखता येतो.

सिनेमा सुटल्यावर वसंतरावांनी पायऱ्यांवरच फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवरच असतो.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे रे. सहज केला."

"सहज?"

वसंतरावांनी फोनकडे बघत नुसतीच मान डोलावली. पलीकडून घाईघाईने आवाज आला, "ठेवू नका हं, बाबा. मी गॅलरीत येतो, इथे नीट ऐकू येत नाही."

वसंतराव फोन दोन्ही हातांत धरून पायरीवर बसले. आमच्यासाठी थांबलेल्या रिक्षावाल्याला मी जायला सांगितलं.